सोमवारचं मैदान

मार्च सरत आला होता. बेदाण्याच्या शेडमध्ये माल टाकून दहा दिवस झाले होते आणि तात्या एकेका कप्प्यातले चार-चार मणी उचलून बोटांत दाबून बघत होते. तात्या म्हणजे माझे चुलते. कवठे महांकाळला आमच्या भावकीत बोअर मारायची असो की मुलगी द्यायची असो, शेवटचा शब्द त्यांचा. त्या दिवशी मात्र त्यांच्यापुढं असं काम आलं होतं, जे आमच्या तालुक्यात कुणापुढंच आलं नसेल.

भावकीतला एक पोरगा बारावीनंतर पुण्याकडं गेला आणि तिथल्या एका गोल्फ मैदानावर गवत कापायच्या कामाला लागला. त्याला चार वर्षं झाली. आता तो म्हणत होता, मला हा खेळ खेळायचाय, त्यावरच पोट भरायचंय. त्यासाठी त्याच्या बापाला तात्यांकडून दीड लाख रुपये हवे होते. बाप चहा पिऊन, काही न बोलता बराच वेळ बसून निघून गेला. मग तात्या माझ्याकडं वळले. मी खेळांवर लिहितो, हे त्यांना ठाऊक आहे.

"दीड लाख कशाला लागत्यात रं?"

"हत्यारांना, तात्या. पिशवीत चौदा काठ्या ठेवता येतात, त्यांना क्लब म्हणतात. जुन्या घेतल्या तरी स्वस्त पडत नाहीत. शिवाय पात्रता स्पर्धेची फी, गावोगावचं भाडं, राहणं, खाणं."

"चौदा काठ्या! रांजणीच्या माळावर धनगराचं सगळं आयुष्य एका काठीवर निघतंय." ते पुढच्या कप्प्याकडं सरकले. "मला एकच सांग. हा खेळ आपल्या माणसाचा हाय का?"

मी म्हणालो, आहे. आणि चौरसियाची गोष्ट सांगायला लागलो.

शिवशंकर प्रसाद चौरसिया. जन्म 1978, कोलकाता. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर गवताची निगा राखायच्या कामावर. हा क्लब 1829 सालचा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला सगळ्यात जुना. पोरगा त्याच मैदानाच्या आसपास वाढला, बघत बघत खेळ शिकला, कुणी गुरू नाही. 1997 मध्ये व्यावसायिक झाला. 2008 च्या फेब्रुवारीत दिल्लीत इंडियन मास्टर्स भरली, 25 लाख डॉलर बक्षिसाची. दक्षिण आफ्रिकेच्या एर्नी एल्ससारखे जगज्जेते खेळाडू आले होते. ती स्पर्धा या माळ्याच्या पोरानं जिंकली आणि बक्षिसाचा सहावा हिस्सा, म्हणजे चार लाख डॉलरहून जास्त रक्कम, घरी नेली. 2011 मध्ये अवंथा मास्टर्स जिंकली. इंडियन ओपनमध्ये 1999, 2006, 2013 आणि 2015, असा चार वेळा दुसरा आला. 2016 ला ती जिंकली, 2017 ला पुन्हा जिंकली. मधल्या काळात रिओ ऑलिंपिकला जाऊन आला. अर्जुन पुरस्कार मिळाला.

"चार येळा दुसरा?" तात्या थांबले. "पहिल्या येळंला किती वर्षांचा व्हता?"

"एकविसाचा. जिंकला तेव्हा सदतिशीचा."

"सोळा-सतरा वर्षं." हे त्यांनी स्वतःशीच म्हटलं. मला वाटलं, आता गाडी मार्गाला लागली. पण ते म्हणाले, "बाप कुठं कामाला व्हता म्हणालास?"

"क्लबवरच."

"म्हंजे भिंतीच्या आत. भिंतीच्या भाईर जी पोरं व्हती, त्यातलं कोण झालं का?"

मी गप्प बसलो. मग अली शेरचं नाव काढलं. दिल्लीचा अली शेर 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकला. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू, कारण 1965 ला जिंकलेले बिल्लू सेठी हौशी गटातले होते. अली शेरनं 1993 मध्ये ती पुन्हा जिंकली. त्याची सुरुवात कॅडी म्हणून झाली होती. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊन अठरा भोकांची पायपीट करणारा माणूस.

"म्हंजे हमाल."

"हमाल म्हणा. पण मैदान त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. कुठं उतार आहे, वारा कुठून येतो, कुठली काठी काढायची, हे तो साहेबाला सांगतो."

"ते मी मानतो. पण तू दोन सांगितलेस. दोघंबी आत कामाला असलेले. आपल्या तालुक्यात एक मैदान दाखव. कुस्ती कशी आपली झाली? गावोगाव तालीम हाय म्हणून. खाशाबा जाधव गोळेश्वरचा. घरात तालीम, दारात तालीम, जत्रंला फड. हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसं नव्हतं तवा कोल्हापूरच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकलं. पदक घेऊन आला तर कराडला शंभरावर बैलगाड्या निघाल्या. पैलवानाच्या मागं गाव असतंय. ह्या पोराच्या मागं कोण हाय?"

प्राचार्य म्हणजे राजाराम कॉलेजचे खर्डेकर, आणि साल 1952. तात्यांचं म्हणणं मला खोडता येईना. शिवाय त्यांच्या हातात आणखी ताजा दाखला होता, सांगलीचा. संकेत सरगरच्या वडिलांची पानाची टपरी. पोरगा त्याच शहरात वजनं उचलायला शिकला आणि 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात 248 किलो उचलून रौप्यपदक घेऊन आला. कोपर दुखावलेलं असताना सुवर्ण अवघ्या एका किलोनं हुकलं. त्या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक. लोखंड सांगलीतही असतं. गोल्फच्या हिरवळीचं तसं नाही. चेंडू भोकात घालायची जी गोल हिरवळ असते, तिथलं गवत जेमतेम तीन मिलिमीटरवर कापलेलं असतं. तसल्या गवतावर हात बसायला तसलंच गवत लागतं, रोज, वर्षानुवर्षं.

आणि गवताला पाणी लागतं. तात्या नेमके तिथंच आले.

"चौरसिया जिंकला ते साल कुठलं म्हणालास?"

"2016. मार्च. दिल्लीत."

"त्याच्या पुढच्याच म्हैन्यात मी टेशनात उभा व्हतो." त्यांनी हातातले मणी खाली ठेवले. "मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली व्हती. पहिल्या फेरीला धा वाघिणी, पाच लाख लिटर. आपल्या टेशनातनं गेली. आन् आपल्याकडं काय व्हतं? म्हैसाळचं पाणी आलं तर बाग, न्हाई तर टँकर. आपल्या फुडनं आपलंच कृष्णामाईचं पाणी लातूरला चाललेलं. मी हात जोडलं, कारण लातूरची माणसं आपल्याहून तान्हेली व्हती. आता त्याच उन्हाळ्यात दिल्लीत कुणीतरी गवताला पाणी मारत बसलं व्हतं, आन् तू मला म्हणतोस हा खेळ आपला."

हे ऐकून घ्यावं लागलं, कारण ते खरं आहे. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले होते, खेळपट्ट्यांवर मारायच्या पाण्यावरून. मैदानाचं पाणी कुणाचं, हा प्रश्न आमच्या भागात कधीच मिटलेला नाही. म्हैसाळ योजनेत कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून इथवर येतं आणि विजेचं बिल थकलं की थांबतं. पुष्कळ मैदानांवर आता सांडपाणी शुद्ध करून वापरतात, हे मी तात्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटल्याची खूण ती नव्हती, पण ऐकत होते.

मग मी माझा हुकमी मुद्दा काढला. मी तो अजूनही सोडलेला नाही.

"तात्या, या खेळात निवड समिती नसते. क्रिकेटमध्ये पोरगा कितीही चांगला असला तरी कुणीतरी त्याचं नाव यादीत घालावं लागतं. इथं यादीच नाही. चार दिवस, रोज अठरा भोकं. किती फटक्यांत संपवलं तो आकडा कार्डावर. कार्ड बरोबरचा खेळाडूच भरतो. चूक झाली तर खेळाडू स्वतः सांगून दंडाचा फटका लावून घेतो. ते कार्ड बाप कोण हे विचारत नाही, जात विचारत नाही, इंग्रजी येतं का विचारत नाही. आपल्यासारख्यांना असा चोख हिशेब दुसरीकडं कुठं मिळतो?"

"चोख." तात्यांना शब्द आवडला असावा. "आन् पैसं कसं मिळत्यात?"

मी समजावून सांगितलं. आपल्या देशातली व्यावसायिक गोल्फची मालिका 2006 पासून नीट बांधून चाललेली आहे. पहिल्या दोन दिवसांनंतर वरचे पन्नास-साठ खेळाडू ठेवतात, बाकीच्यांना काढतात. त्याला कट म्हणतात. कटच्या वर राहिला त्याला कमी-जास्त पैसे मिळतात. कटच्या खाली गेला त्याला काहीच नाही, एक रुपयासुद्धा नाही. रेल्वेचं भाडं, लॉजचं भाडं, कॅडीची मजुरी, सगळं खिशातून. पुढच्या आठवड्यात दुसरं गाव, पुन्हा तसंच.

तात्या बराच वेळ काही बोलले नाहीत. शेडच्या कडेनं वारा येत होता. बेदाणा हिरवट राहायला असाच कोरडा वारा लागतो. मग ते हळूच हसले.

"हे तर बागंसारखं झालं की रं."

"कसं?"

"एप्रिलला खरड छाटणी घ्यायची. ऑक्टोबरला फळछाटणी. सहा म्हैने औषध, मजुरी, डिपिंग, सगळं खिशातनं. घड फुलोऱ्यात आला आन् एक रात्र पाऊस पडला, की डाउनी रोग. संपलं. शेजारच्या गड्याची छाटणी आठ दिवस मागं व्हती, त्याची बाग वाचली. माझ्यापेक्षा तो शाणा व्हता असं न्हाई. तो कटच्या वर ऱ्हायला, मी खाली."

एवढा वेळ मी खेळाचं समर्थन करत होतो. आता मात्र समर्थनाची गरज उरली नाही. द्राक्षवाल्याला हा धंदा कळण्यासाठी माझ्या शब्दांची गरज नव्हतीच. कर्ज काढून हंगाम उभा करायचा, हात चालवायचे, आणि शेवटचं माप दुसऱ्याच कुणाच्या हातात, हे आमच्याकडं घरोघरी चाललेलं आहे. सगळ्यांत मोठा धोका पत्करणारी माणसं श्रीमंतच असतात, ही समजूत आमच्या तालुक्यानं कधीच खोटी ठरवलेली आहे.

"एक सांगू?" तात्या म्हणाले. "तुझ्या त्या चौरसियाचं काय चांगलं व्हतं? जोरात मारायचा का?"

"नाही. अंगानं लहानसाच, लांबचा फटका इतरांपेक्षा आखूड. पण हिरवळीजवळ आला की त्याच्यासारखा कोणी नव्हता. जवळून अलगद उचलायचा तो चिप, भोकात घालायचा तो पट. चिप, पट आणि चौरसिया मिळून बरोबरचे खेळाडू त्याला चिपुटसिया म्हणायचे. भोक सव्वाचार इंचाचं असतं."

"म्हंजे गवत कळायचं त्याला."

माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. त्याच्या बापाचं सगळं आयुष्य त्या तीन मिलिमीटर गवतावर गेलं. पोराला उतार, ओल, गवताची दिशा हे घरातच कळत असणार. हा अंदाजच आहे, पण द्राक्षाच्या पानाची मागची बाजू बघून रोग सांगणाऱ्या माणसाकडून तो आला म्हणून मी तो बाजूला ठेवणार नाही.

"आपल्या पोरालाबी चार वर्षांत गवत कळलं असंल," तात्या म्हणाले. "आता शेवटचं इचारतो. जिंकल्यावर त्याला आत घेत्यात का? का जिंकल्यावरबी हमालच?"

खोटं बोलता आलं असतं. चौरसियाला आत घेतलंच. आज त्याच्याच क्लबात त्याचं नाव आदरानं घेतात. पण प्रश्न फक्त चौरसियाचा नव्हता, म्हणून मी त्यांना पापवाची गोष्ट सांगितली.

दक्षिण आफ्रिकेतलं डरबन. गिरमिटिया मजुरांच्या वंशातला सेवसंकर सेवगोलम, सगळे त्याला पापवा म्हणत. तोही कॅडी. काठी धरायची त्याची पद्धत जगाच्या उलट होती, डावा हात खाली, उजवा वर. कुणी शिकवलंच नाही, तर हात सरळ कोण करणार? तो हॉलंडला जाऊन 1959 मध्ये डच ओपन जिंकला, 1960 ला पुन्हा, 1964 ला तिसऱ्यांदा. 1963 मध्ये आपल्याच गावात, डरबनमध्ये, नाताळ ओपन जिंकला. गोऱ्यांच्या क्लबाच्या इमारतीत त्याला पाऊल टाकायची बंदी होती. पाऊस पडत होता. हरलेले गोरे खेळाडू आत कोरडे बसले होते आणि जिंकलेल्याला करंडक बाहेर, भर पावसात दिला. 1965 मध्ये त्यानं गॅरी प्लेयरला मागं टाकून ती स्पर्धा पुन्हा जिंकली. त्यानंतर सरकारनं त्याला स्पर्धांत खेळायलाच बंदी केली. 1978 मध्ये तो गरिबीतच गेला.

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कार्ड चोख व्हतं म्हणालास ना?"

"होतं. कार्डावर तोच पहिला होता."

"आन् पावसात?"

"हो."

मी इथवर कार्डाच्या भरवशावर बोलत आलो होतो. आकडा खोटं बोलत नाही, यावर माझा अजून विश्वास आहे. पण आकडा कार्डावर उमटायच्या आधी मैदानाचं फाटक उघडावं लागतं, आणि उमटल्यावर इमारतीचं दार. ही दोन्ही दारं माणसांच्या हातात असतात. चौरसिया, अली शेर, पापवा, तिघेही फाटकातून मजूर म्हणून किंवा मजुराचा पोर म्हणून आत आले. त्यांच्या यशानं फाटक उघडं आहे असं सिद्ध होत नाही. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळला, मराठी माणसाला त्याचा अभिमान वाटावा असंच ते आहे. पण त्याची वाट लहानपणापासून शिक्षण मिळालेल्याची आहे. आमच्या पोराला तिचा उपयोग नाही.

तरी एक गोष्ट मी तात्यांना सांगितलीच, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते. हा खेळ स्कॉटलंडमध्ये जिथं वाढला, त्या सेंट अँड्र्यूजचं मैदान कुणाच्या मालकीच्या बंगल्याचं आवार नव्हतं. समुद्रकाठची ती गावाची सामाईक जमीन. तिथं मेंढरं चरायची. मेंढपाळांनी काठीनं खडे टोलवत हा खेळ सुरू केला अशी कथा लोक सांगतात. आजही तिथलं सगळ्यांत जुनं मैदान सार्वजनिक आहे, रविवारी खेळ बंद ठेवतात आणि गावकरी पोराबाळांना घेऊन त्यावरून फिरायला जातात.

"गायरान," तात्या म्हणाले.

"गायरानच."

"मग आपल्याकडं त्याला भिंत कुणी घातली?"

इंग्रजांनी घातली, आणि ते गेल्यावर आपण ती उंच केली. आपल्याकडची कितीतरी मैदानं सरकारच्या किंवा लष्कराच्या जमिनीवर आहेत. दिल्ली गोल्फ क्लबची जमीन सरकारनं भाडेपट्ट्यानं दिलेली. जमीन लोकांची असेल, तर त्यावर राबणाऱ्यांच्या पोरांना आठवड्यातला एक दिवस मागायला कुणाची परवानगी का लागावी? पुष्कळ क्लबांत आजही कॅडींना आणि कामगारांना सोमवारी, मैदान इतरांना बंद असतं तेव्हा, खेळू देतात. ही चांगली रीत आहे. पण ती रीतच आहे. नवा सचिव आला आणि त्याच्या मनात नसलं, तर संपली.

उन्हं उतरली. तात्या उठले, शेडच्या जाळ्या ओढून घेतल्या. पोराच्या बापाला त्यांनी रात्री बोलावून घेतलं आणि माझ्यासमोरच निकाल दिला.

"दीड लाख देतो. व्याज न्हाई. पण तीन गोष्टी. पोरानं नोकरी सोडायची न्हाई. गवतावर हाय तवर त्याचा हात बसतोय. दुसरं, तीन हंगाम. बागंलाबी पहिलं पीक यायला दीड-दोन वर्षं लागत्यात, ह्याला तीन देऊ. तिसरं, कटच्या खाली गेला म्हणून कुणी त्याला बोलायचं न्हाई. माझी बाग पाच येळा खाली गेली, मला कोण बोललं का?"

बापानं मान खाली घातली. तो उठताना मी म्हणालो, हा खेळ पन्नाशीतही सोडावा लागत नाही. महूचा मुकेश कुमार 2016 च्या डिसेंबरमध्ये पॅनासॉनिक ओपन जिंकला तेव्हा 51 वर्षांचा होता, आशियाई मालिकेतलं त्याचं ते पहिलं विजेतेपद. त्या वयात पैलवान जत्रेत पंच म्हणून उभा असतो. बापाला हे कितपत समजलं ठाऊक नाही, पण 51 हा आकडा त्यानं दोनदा विचारून घेतला.

मग तात्या मला म्हणाले, "तू लिहितोस ना? मग लिही. सोमवार उपकाराचा नको म्हणावं. लेखी पायजे."

म्हणून लिहितो आहे. हे वाचणाऱ्यांत कुणी अशा क्लबाचे सभासद असाल, समितीवर असाल, तर पुढच्या सभेत एवढंच मांडा: मैदानावर काम करणाऱ्यांना आणि त्यांच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस खेळायचा हक्क नियमावलीत घाला, आणि सभासदांचे अडगळीत पडलेले जुने क्लब त्यांच्यासाठी एका कपाटात ठेवा. यात क्लबाचा खर्च जवळजवळ काही नाही.

आमचा पोरगा पहाटे पाचला हिरवळ कापायला लागतो. सोमवारी काम उरकल्यावर, उन्हं चढायच्या आत, तो नऊ भोकं खेळून घेतो.